तळहातावरचं चित्र : जुन्या बेसबॉल कार्डांकडे बघताना

रुंदी ३.६ सेंटिमीटर, उंची ६.७ सेंटिमीटर. काडेपेटीपेक्षा जेमतेम थोडा मोठा पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर नारिंगी रंगाची सपाट पार्श्वभूमी, राखाडी सदऱ्यातला एक रुंद खांद्यांचा माणूस, मधोमध भांग, नजर जराशी बाजूला. खालच्या पांढऱ्या पट्टीत दोनच शब्द, आडनाव आणि गावाचं नाव. होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचं हे कार्ड. १९०९ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटाबरोबर फुकट मिळायचं. २०२२ साली त्याची एक प्रत अमेरिकेत साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली.

हा आकडा एकदा सांगून टाकला, आता बाजूला ठेवू या. कारण आकडा ऐकला की माणसं चित्र बघायचं थांबतात. मी हे कार्ड ज्यांना ज्यांना मोबाइलवर दाखवलं, त्या प्रत्येकाने आधी विचारलं, ‘एवढे पैसे कशाचे?’ पार्श्वभूमी नारिंगीच का, हे एकानेही विचारलं नाही. मला त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

आपल्या मंडळात ओवी, चारोळी, हायकू अशा लहान रचनांवर आपण बरंच बोललो आहोत. जागा कमी असली की शब्दाला शब्द तोलून ठेवावा लागतो, हे आपल्याला पटलेलं आहे. चित्राच्या बाबतीत मात्र आपण अजून आकाराला भुलतो. भिंतभर असेल तर चित्रकला, खिशात मावत असेल तर खेळणं! सावंतवाडीच्या गंजिफा बघितलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये.

आधी थोडी माहिती. बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. एकजण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांड्याच्या बॅटने तो टोलवतो आणि चौकोनाच्या चार टोकांना वळसा घालून धावतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सिगारेट कंपन्या पाकिटात जाडसर कागदाचा तुकडा घालायला लागल्या. एक तर पाकीट चेपत नसे, आणि वर चित्र छापलं की गिऱ्हाईक पुढचं पाकीटही त्याच छापाचं घेई. नट्या, पक्षी, झेंडे, सेनापती, सगळं छापून झालं. त्यात बेसबॉलचे खेळाडूही आले. पुढे तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली आणि गिऱ्हाईक बापाऐवजी मुलगा झाला. आपल्याकडे काडेपेट्यांची छापं गोळा करणारी, बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं वहीत चिकटवणारी पिढी होती. तोच नाद, फक्त तिथे तो फार मोठ्या प्रमाणावर चालला.

सुरुवातीची काही कार्डं म्हणजे चक्क छायाचित्रं. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर तपकिरी छटेचे छोटे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून दिले. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता माणूस टिपता येत नसे, म्हणून खेळाडूला स्टुडिओत आणून, मागे रंगवलेला पडदा लावून, झेल घेतोय असं उभं करायचे. चेंडू छताला दोऱ्याने टांगलेला. काही फोटोंत तो दोरा स्पष्ट दिसतो! आपल्या आजोबा-पणजोबांचे, मागे रंगवलेला खांब आणि शेजारी कुंडी असलेले फोटो आठवा, तोच थाट. खेळाडू हात वर करून टांगलेल्या चेंडूकडे असा गंभीर चेहऱ्याने बघतो की हसू येतं, आणि मग जरा वेळाने येईनासं होतं. १८८७ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या अ‍ॅलन अँड गिंटर कंपनीने ‘जगज्जेते’ अशा अर्थाच्या नावाचा पन्नास कार्डांचा रंगीत संच काढला. त्यात दहा बेसबॉलपटू होते, बाकी मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नेमबाज. नेमबाजांत अ‍ॅनी ओकली ही बाईही होती. पांढऱ्या कागदावर नुसता माणूस, भोवती काही नाही. सुबक काम, पण मला ते पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं वाटतं.

आता टी-२०६ कडे येऊ. वॅग्नरचं कार्ड याच संचातलं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात आपल्या सोळा छापांच्या पाकिटांतून ही कार्डं वाटली. सव्वापाचशेच्या आसपास वेगवेगळी चित्रं. पाठीमागे ‘पीडमाँट’, ‘स्वीट कॅपोरल’, ‘पोलर बेअर’ अशा तंबाखूच्या छापांची जाहिरात. १९११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीची मक्तेदारी मोडून तिचे तुकडे करायला लावले आणि त्याच वर्षी हा संचही संपला. इतक्या बेरकी धंद्यातून इतकी हळुवार चित्रं कशी आली, हे मला अजून नवल वाटतं.

ती छापली कशी, हे कळल्याशिवाय ती नीट बघता येत नाहीत. आणि इथे बडोदेकरांना फार लांब जायला नको. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आपण लक्ष्मीविलास राजवाड्यात बघतो. पण घराघरांत पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती या छापील. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत गिरगावात जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे जे तंत्र वापरलं, तेच न्यूयॉर्कमध्ये ही कार्डं छापताना वापरलं होतं: शिळाछाप. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेलकट भाग पाणी घेत नाही, ओला भाग शाई घेत नाही. कागद दाबला की फक्त चित्र उमटतं. रंगीत चित्र हवं तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड, किंवा पुढे पुढे जस्ताचा पत्रा. पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा, तांबड्याचा वेगळा. एकच कागद एकेका दगडावरून जातो आणि शेवटी गालावर लाली चढते. कागद केसभर सरकला तरी ओठ हनुवटीवर!

म्हणजे इथे ‘रंग भरणे’ ही क्रियाच निराळी आहे. चित्रकाराला समोरचा चेहरा मनातल्या मनात सुटा करावा लागतो: यात पिवळं किती, निळं किती, कुठे एकावर एक पडून तपकिरी होईल. मूळ छायाचित्र काळंपांढरं. रंग सगळा त्याच्या डोक्यातला. कधीकधी अशी अर्धवट कार्डं सापडतात ज्यांवर एखादा रंग छापायचाच राहिला. अशी कार्डं मला पुऱ्या कार्डांइतकीच आवडतात. हस्तलिखितातल्या खाडाखोडीसारखी, ती कामाची पद्धत दाखवतात.

आता वॅग्नर पुन्हा बघा. माणूस राखाडी, पार्श्वभूमी नारिंगी. राखाडी हा बिचारा रंग; पांढऱ्यावर ठेवला असता तर मळका दिसला असता. नारिंगीवर ठेवल्याबरोबर त्यात किंचित निळसरपणा जाणवतो आणि सदरा जड, लोकरीचा वाटायला लागतो. मागे मैदान नाही, ढग नाहीत, प्रेक्षक नाहीत. वॅग्नर पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन स्थलांतरितांच्या घरातला, अंगापिंडाने आडवा. चित्रकाराने त्याचे खांदे चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत नेले आहेत. सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटरच्या जागेत तो माणूस मावत नाहीये, असं वाटतं, आणि तेच अभिप्रेत असावं. छातीवर गावाचं नाव आहे, पिट्सबर्ग, आणि त्यात शेवटचा ‘एच’ नाही. ती छपाईची चूक नव्हे. १८९० पासून त्या शहराचं सरकारी स्पेलिंग ‘एच’शिवाय होतं, लोकांनी कुरकुर करून १९११ मध्ये तो परत मिळवला. सीमाभागातल्या वाचकांना गावाच्या नावातलं एखादं अक्षर किती जिव्हारी लागतं, हे सांगायला नकोच.

हे कार्ड दुर्मीळ झालं कारण वॅग्नरने आपलं चित्र छापू द्यायला नकार दिला. मुलांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं काही म्हणतात. मोबदला हवा होता म्हणून, असं दुसरे. छपाई थांबली, तोवर थोडी बाहेर पडली होती. आज पन्नास-साठ प्रती माहीत आहेत.

दुर्मीळपणाचा आणि चित्राचा संबंध नाही, हे पटवून घ्यायचं असेल तर याच संचातली टाय कॉबची कार्डं बघावीत. ती बऱ्यापैकी संख्येने शिल्लक आहेत. कॉब हा डेट्रॉइटचा खेळाडू, मैदानावर अत्यंत आक्रमक म्हणून प्रसिद्ध. त्याची चार चित्रं आहेत. दोन बॅट घेतलेली, दोन नुसत्या चेहऱ्याची. चेहऱ्याच्या एका कार्डाची पार्श्वभूमी तांबडी, दुसऱ्याची हिरवी. तांबडं कार्ड जास्त लोकप्रिय आहे. त्यात कॉब लोकांना हवा तसा दिसतो, तापट. मला हिरवं जास्त चांगलं वाटतं. हिरव्यापुढे त्याचा चेहरा फिका, जवळजवळ कोवळा दिसतो. तेव्हा तो विशीत होता! त्याच्याबद्दलच्या सगळ्या गोष्टी ऐकून झाल्यावर हे हिरवं कार्ड पाहिलं की माणूस वेगळा भासतो. नुसता मागचा रंग बदलून एवढं साधतं. आपण कथेत ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो ना, ती हीच.

उभ्या खेळाडूंच्या कार्डांत आणखी एक युक्ती दिसते. क्षितिज बऱ्याचदा खूप खाली, गुडघ्याच्या आसपास घेतलेलं. वर सगळं आकाश, आणि ते संध्याकाळचं: खाली पिवळं, वर गुलाबी किंवा निळसर. त्यामुळे सहा सेंटिमीटरच्या कागदावरचा माणूस देवळासमोरच्या दीपमाळेसारखा उंच वाटतो. दिवेलागणीच्या आत खेळ संपायचा, कारण तेव्हा मोठ्या मैदानांवर विजेचे दिवे नव्हते. ते आकाश त्या मुलांच्या अगदी ओळखीचं असणार.

भिंग घेतलं किंवा पडद्यावर चित्र मोठं केलं, तर गालावर अनियमित बारीक ठिपके दिसतात. दगडावर हाताने टिंबलेले. पुढच्या काळातल्या छपाईतले ठिपके कवायतीला उभ्या पोरांसारखे रांगेत असतात. हे तसे नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, नाकाच्या कडेला एकदम गर्दी. कुणीतरी माणूस वाकून बसला होता, हे तिथे समजतं.

कोण होता तो? नाव नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीचे कारागीर, एवढंच. कार्डावर खेळाडूचं नाव आहे, सिगारेटचं आहे, कारखान्याचा नंबरसुद्धा आहे. चित्र काढणाऱ्याचं मात्र नाही. आपल्या ओव्या रचणाऱ्या बायकांचीही नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्यामुळे ओवीचं काही अडलं नाही. पण मजुरी करणाऱ्याचं नाव पुसलं जातं तेव्हा त्यात निव्वळ नम्रता नसते, हेही ध्यानात ठेवावं. त्याच संचात फिलाडेल्फियाच्या शेरी मगी या खेळाडूच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं, ते मध्येच दुरुस्त केलं गेलं, आणि आज चुकलेलं कार्ड बरोबर असलेल्यापेक्षा कितीतरी महाग आहे. आपल्या अंकातल्या मुद्रितशोधकांनी यातून धडा घेऊ नये, ही विनंती.

१९११ चा सोनेरी किनारीचा संच, टी-२०५, पुष्कळांना यापेक्षा सरस वाटतो. किनार खरोखर देखणी आहे, आणि पाठीमागे खेळाडूचा थोडक्यात परिचय आहे, म्हणजे चित्राला गद्याची जोड मिळाली. तरीही मला तो संच लग्नपत्रिकेसारखा वाटतो. चौकट इतकी बोलते की माणसाला बोलायला वाव उरत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या सव्वापाचशे कार्डांत एकही कृष्णवर्णीय चेहरा नाही. ही चित्रकाराची निवड नव्हती; व्यावसायिक बेसबॉलनेच कृष्णवर्णीयांना दार बंद केलं होतं. लेखी नियम फारसा नव्हता, ‘समजुती’ने चालत होतं. समजुतीने चालणारी बंदी काय असते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. कृष्णवर्णीय खेळाडूंचे स्वतंत्र संघ होते, अफाट खेळाडू होते. जॉश गिब्सनला तर लोक बेब रूथच्या तोडीचा मानत. तो १९४७ च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरला आणि दार उघडलं. म्हणून टी-२०६ बघताना मी त्या संध्याकाळच्या आकाशाला सुंदर म्हणते, आणि त्याखाली कोण उभं नाही हेही मोजते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. एक बघितली म्हणून दुसरी रद्द होत नाही.

मधला काळ झटपट सांगते. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीने च्युइंगगमबरोबर कार्डं काढली. जवळजवळ चौकोनी, भडक, जत्रेतल्या फलकासारखी. त्यात बेब रूथची चार कार्डं आहेत. एकाची पार्श्वभूमी पिवळी, एकाची लाल, एकाची हिरवी. पिवळ्या आणि लाल कार्डावरची मुद्रा जवळजवळ एकच असल्यामुळे वर्गात रंगाचा परिणाम समजावायला हे फार सोयीचे. पिवळा रूथ आनंदी वाटतो, लाल रूथ भांडायला निघालेला. याच संचात १०६ क्रमांकाचं कार्ड कंपनीने त्या वर्षी काढलंच नाही. पोरं गम घेत राहिली, शोधत राहिली. तक्रारी आल्या तेव्हा पुढच्या वर्षी ते छापून टपालाने पाठवलं. लबाडीच, दुसरं काय!

१९५२ चा टॉप्स कंपनीचा संच सर्वांत प्रसिद्ध. साय बर्गर आणि वुडी गेलमन यांनी तो घडवला. काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवर हाताने रंग चढवलेला, खाली चांदण्यांच्या किनारीची नावाची पट्टी, त्यात खेळाडूची सही. यातलं मिकी मँटलचं कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं. बर्गरने पुढे सांगितलेली हकीकत अशी की न खपलेल्या पेट्याच्या पेट्या त्याने १९६० मध्ये पडावात घालून अटलांटिक समुद्रात बुडवल्या. कार्ड देखणं आहे, नाही म्हणत नाही. निळ्यापुढे पिवळी बॅट उठून दिसते. पण मी त्याच्यापाशी फार वेळ थांबत नाही.

मी थांबते ती १९५३ पाशी. त्या वर्षी टॉप्सने छायाचित्रं सोडून चक्क रंगवलेली व्यक्तिचित्रं छापली. या वेळी निदान एका चित्रकाराचं नाव आपल्याला माहीत आहे: जेरी ड्वोरॅक, मूळचा अ‍ॅनिमेशनपटांच्या धंद्यातला. मूळ चित्रंसुद्धा त्याने कार्डापेक्षा फारशी मोठी काढली नव्हती. म्हणजे मोठं चित्र काढून लहान केलं असं नाही. लहानच विचार केला होता. या संचात क्रमांक एक कुणाला दिला असेल? जॅकी रॉबिन्सनला. आणि त्यातच सॅचेल पेज आहे. पेज हा चेंडू फेकणारा, आयुष्याची उमेदीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या संघांत गेलेली. १९४८ मध्ये त्याला मोठ्या संघात प्रवेश मिळाला तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. १९५३ च्या कार्डावरचा चेहरा छायाचित्रावरून उतरवलेला असला तरी कुंचल्याने कुठे थांबायचं ते ठरवलं आहे. गोऱ्यापान तरुण खेळाडूंचे गाल एकाच फटकाऱ्यात गुळगुळीत केलेले दिसतात. इथे रंग थरावर थर येतो, तपकिरीत जांभळट, मग उजळ. टी-२०६ च्या काळात हा चेहरा कुणाला रंगवावा लागलाच नव्हता, त्यामुळे त्यासाठी तयार असा साचा नव्हता. चित्रकाराला खरोखर बघावं लागलं. आणि एवढं करून कार्डावर त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं; एक ‘एल’ जास्त पडला. चाळीस वर्षं वाट बघायला लावली, आणि नाव धड लिहिलं नाही.

आता किमतीबद्दल एकदाच, कारण तिच्यामुळे बघण्याचं काय होतं ते सांगायचं आहे. हल्ली महागडी कार्डं तपासणी संस्थेकडे जातात. तिथे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही हे बघून एक ते दहा गुण देतात आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या खोक्यात कायमचं बंद करतात. चित्र चांगलं आहे का, याला गुण नाहीत. वॅग्नरची सर्वांत प्रसिद्ध प्रत अशीच आठ गुणांची, कोपरे सुईसारखे. तिचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याने २०१३ मध्ये कबूल केलं की तिच्या कडा त्याने कापल्या होत्या. म्हणजे ‘सर्वांत उत्तम’ वॅग्नर हा कातरलेला वॅग्नर. कात्री चित्राला लागली नव्हती. तरी सगळी चर्चा कडांची झाली.

याच्या अगदी उलट टोकाला जेफरसन बर्डिक. जन्म १९००, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात कामगार. संधिवाताने बोटं वाकडी होत गेलेली. लग्न केलं नाही. बेसबॉलचा फारसा शौकही नव्हता म्हणतात. त्याने कागद गोळा केले: शुभेच्छापत्रं, टपालकार्डं, साबणाच्या जाहिराती, कागदी बाहुल्या, आणि सिगारेट-गमची कार्डं. त्यांची यादी करून त्याने छापली आणि वर्गवारीसाठी अक्षरं ठरवली. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. आज जगभर बोललं जाणारं ‘टी-२०६’ हे नाव त्याच कामगाराने दिलेलं. १९४७ पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला द्यायला सुरुवात केली. तिथल्या मुद्राचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी तो घेतला, पण लावायचं काम बर्डिकवरच सोपवलं. जिथे ड्यूररची आणि रेम्ब्रांटची मुद्राचित्रं जपून ठेवली होती त्याच विभागात एका लहानशा टेबलाशी बसून हा माणूस वर्षानुवर्षं कार्डं मोठ्या वह्यांत लावत राहिला. तीन लाखांहून जास्त तुकडे, त्यांत तीस हजारांवर बेसबॉलची कार्डं. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं. मार्चमध्ये तो वारला.

आणि त्याने ती लावली कशी? चिकटवून. आजचा व्यापारी हे ऐकून कपाळाला हात लावेल, कारण मागे चिकटवल्याचा डाग असला की कार्डाची किंमत कोसळते. त्या वह्यांत वॅग्नरसुद्धा आहे. पण बर्डिकला ती विकायची नव्हती. एका पानावर शेजारी शेजारी लावलेली कार्डं एकमेकांमुळे दिसतात. हिरव्याशेजारी तांबडं, चेहऱ्याशेजारी उभा माणूस. संच हीच खरी कृती आहे, सुटं कार्ड तिचा एक शब्द, हे त्याने पानावर दाखवून दिलं. प्लॅस्टिकच्या खोक्यातल्या एकुलत्या कार्डात ते कधीच दिसणार नाही.

कुणी म्हणेल, शेवटी ही जाहिरात. तंबाखूची, आणि तीही पोरांच्या हाती पडणारी. खरं आहे. शाळकरी मुलं दुकानाबाहेर उभी राहून सिगारेट घेणाऱ्यांकडे कार्डं मागायची. रिचमंडच्या कारखान्यात सिगारेटी वळणाऱ्या बहुतेक मुलीच होत्या. हे सगळं त्या नारिंगी रंगाच्या मागे आहे आणि मी ते झाकू इच्छित नाही. मात्र जाहिरात म्हणून बघायचंच नाही, हे मला मान्य नाही. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवतासुद्धा पुढे मालाच्या जाहिरातींवर आल्याच. १९८५ मध्ये सिनसिनाटीच्या कलासंग्रहालयाने अँडी वॉरहॉलकडून पीट रोझ या खेळाडूचं चित्र करून घेतलं, ते वॉरहॉलने बेसबॉल कार्डाच्याच धर्तीवर केलं. भिंतीवर आल्यावर त्याला कला म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

ज्यांना बघायचं आहे त्यांच्यासाठी. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने बर्डिकच्या संग्रहातली बरीच कार्डं आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १८८७ ते १९१४ या काळातली सुमारे एकवीसशे कार्डं आहेत, तीही पैसे न देता मोठी करून बघता येतात. हा दुसरा संग्रह बेंजामिन एडवर्ड्स नावाच्या माणसाचा. त्याच्या मुलीने तो कवी कार्ल सँडबर्गला दिला आणि सँडबर्गने १९५४ मध्ये ग्रंथालयाला. एका कवीच्या हातून ती तिथे पोचली, हे साहित्य मंडळाच्या दप्तरी नोंदवून ठेवायला हरकत नाही.

पुढच्या अभ्यासवर्गासाठी प्रत्येकाने एक कार्ड निवडावं. नाव आणि किंमत न बघता निवडावं. प्रसिद्ध खेळाडू शक्यतो टाळावा, लहान गावच्या संघातला कुणी अनोळखी घ्यावा, टी-२०६ मध्ये असे पुष्कळ आहेत. खालची पट्टी अंगठ्याने झाकून दहा मिनिटं बघावं. प्रकाश कुठून येतो, क्षितिज कुठे आहे, कुठला रंग दोनदा आला आहे, हात काय करतायत, कडेला काय कापलं गेलं आहे, हे लिहून काढावं. ‘सुंदर’ हा शब्द वापरायचा नाही. मग अंगठा काढून नाव वाचावं, आणि लिहिलेल्यात काही बदलावंसं वाटलं तर खाली वेगळ्या शाईने लिहावं. वह्या शनिवारपर्यंत ग्रंथालयातल्या मराठीच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवाव्यात.